गुणात्मक संशोधनातील आशयविश्लेषण आणि निर्मितिक्षम कृत्रिम बुद्धिमत्ता : उपयोग, मर्यादा व संशोधकाची जबाबदारी

सारांश

मुलाखती, गटचर्चा व क्षेत्रनोंदी यांच्या विश्लेषणासाठी निर्मितिक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजेच रूढ भाषेत जनरेटिव्ह एआयचा वापर महाविद्यालयीन संशोधनातही होऊ लागला आहे. या साधनामुळे वेळ वाचतो. परंतु गुणात्मक संशोधनात वेळ ज्या कामासाठी खर्च होतो ते काम म्हणजेच बहुतांशी विश्लेषण असते. प्रस्तुत लेखात या साधनाची कार्यपद्धती, त्याची उपयुक्त क्षेत्रे, मराठी बोलींच्या संदर्भातील मर्यादा आणि नैतिक व कायदेशीर बाजू यांचे विवेचन केले आहे. ऊसतोड कामगार स्त्रीच्या निवेदनाचे उदाहरण घेऊन यंत्राने सुचवलेला संकेत व संशोधकाने लावलेला अर्थ यांतील अंतर स्पष्ट केले आहे. अखेरीस संशोधक व मार्गदर्शक यांच्यासाठी एक कार्यक्रम सुचवला आहे.

बीजशब्द : गुणात्मक संशोधन, संकेतन, आशयसूत्र, निर्मितिक्षम कृत्रिम बुद्धिमत्ता, बोली, संमती, संशोधन-नीती.

प्रस्तावना

सामाजिक शास्त्रे, शिक्षणशास्त्र, भाषा, वाणिज्य, परिचर्याशास्त्र अशा अनेक विद्याशाखांत मुलाखतींवर आधारित संशोधन केले जाते. पंचवीस निवेदकांच्या प्रत्येकी तासाभराच्या मुलाखती घेतल्या तरी शब्दांकनाची काही शे पृष्ठे तयार होतात. ती पुनःपुन्हा वाचणे, त्यांतील अर्थपूर्ण अंश वेगळे करणे, त्यांना नावे देणे आणि त्यांतून आशयसूत्रे सिद्ध करणे हे काम कित्येक महिने चालते. अध्यापनाचा भार, परीक्षेचे काम व प्रशासकीय जबाबदाऱ्या सांभाळून संशोधन करणाऱ्या प्राध्यापकास हा काळ काढणे कठीण जाते, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर अल्पावधीतच या प्रकारची अनेक साधने उपलब्ध झाली. संपूर्ण मुलाखत यंत्राला देऊन ‘यातील प्रमुख आशयसूत्रे सांगा’ अशी सूचना केली, तर काही क्षणांत पाच-सहा सुबक शीर्षके, त्यांखाली स्पष्टीकरणे आणि पुष्टीसाठी अवतरणे असा मजकूर मिळतो. तो वाचण्यास सुसंगत असतो आणि प्रबंधातील प्रकरणासारखाच दिसतो. त्यामुळे हे विश्लेषण आहे की विश्लेषणासारखा दिसणारा मजकूर आहे, हा प्रश्न निर्माण होतो. ज्या व्यक्तीने विश्वासाने आपले अनुभव सांगितले तिचे म्हणणे अभ्यासात योग्य रीतीने पोहोचले की नाही, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

उद्दिष्टे

१. गुणात्मक विश्लेषणाचे स्वरूप व त्यातील संगणकाचे स्थान स्पष्ट करणे.
२. निर्मितिक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेची कार्यपद्धती व तिची उपयुक्त क्षेत्रे विशद करणे.
३. मराठीतील, विशेषतः बोलींतील सामग्रीच्या संदर्भात तिच्या मर्यादा दाखवणे.
४. संशोधक, मार्गदर्शक व महाविद्यालये यांच्या जबाबदाऱ्या निश्चित करणे.

गुणात्मक विश्लेषणाचे स्वरूप

बार्नी ग्लेसर व अन्सेल्म स्ट्राउस यांनी १९६७ मध्ये आधारित सिद्धान्ताची पद्धती मांडली. सिद्धान्त आधी ठरवून सामग्रीवर लादण्याऐवजी सामग्रीच्या सततच्या तुलनेतून तो घडवावा, हे तिचे सूत्र होय. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७३ मध्ये ‘सघन वर्णन’ ही संकल्पना प्रचलित केली. ती त्यांनी गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाकडून घेतली होती. पापणीची नकळत झालेली उघडझाप आणि जाणूनबुजून केलेली डोळ्याची खूण या दोन्ही क्रिया छायाचित्रात सारख्याच दिसतात. त्यांतील भेद समजण्यासाठी त्या समाजातील संकेत ठाऊक असावे लागतात. व्हर्जिनिया ब्राउन व व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ मध्ये आशयसूत्रात्मक विश्लेषणाच्या सहा पायऱ्या सांगितल्या : सामग्रीशी परिचय, प्राथमिक संकेतन, आशयसूत्रांचा शोध, त्यांची फेरतपासणी, त्यांची व्याख्या व नामकरण आणि अहवाललेखन.

या सहा पायऱ्यांतील पहिली पायरी विशेष महत्त्वाची आहे. मुलाखत पुनःपुन्हा ऐकणे व वाचणे यातून संशोधकाच्या मनात प्रश्न तयार होतात. संकेतन म्हणजे मजकुराच्या एखाद्या अंशाला अर्थवाचक नाव देणे होय. हे नाव देताना संशोधक निवड करतो आणि त्या निवडीमागे त्याचा अभ्यासविषय, त्याची सामाजिक पार्श्वभूमी व क्षेत्रातील त्याचा अनुभव असतो. म्हणूनच ब्राउन व क्लार्क यांनी पुढील काळात आपल्या पद्धतीला ‘आत्मचिंतनशील’ असे विशेषण जोडले. आशयसूत्रे सामग्रीत आयती दडलेली नसतात. ती संशोधक घडवतो व त्यांचे उत्तरदायित्व घेतो, अशी त्यामागील भूमिका आहे.

संगणकीय साहाय्याची वाटचाल

गुणात्मक सामग्रीसाठी संगणकाचा वापर नवीन नाही. हार्वर्ड विद्यापीठातील फिलिप स्टोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात ‘जनरल इन्क्वायरर’ ही शब्दगणनेवर आधारित आशयविश्लेषणाची प्रणाली विकसित केली. ऑस्ट्रेलियातील लिन रिचर्ड्स व टॉम रिचर्ड्स यांनी १९८० च्या दशकात मुलाखतींच्या संकेतनासाठी स्वतंत्र प्रणाली तयार केली. तिचीच पुढील पिढी १९९९ मध्ये ‘एन्व्हिवो’ या नावाने आली. जर्मनीत ‘अॅटलास टीआय’ ही प्रणाली विकसित झाली. या प्रणाली संकेतांची नोंद ठेवतात, एका संकेताखालील सर्व अंश एकत्र दाखवतात व संकेतांमधील संबंधांची आकृती काढून देतात. संकेत कोणता द्यावा, हे मात्र मुळात संशोधकच ठरवीत असे. कपाट व्यवस्थित झाले, तरी त्यातील कागद वाचण्याचे काम संशोधकाकडेच राहिले.

महाराष्ट्रात अशा वाचनाचे एक मोठे उदाहरण उपलब्ध आहे. पुण्यातील हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्यांचे संकलन हाती घेतले. गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या सहभागातून एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, त्यांचे विषयवार सविस्तर वर्गीकरण झाले व त्यांचा संगणकीय संग्रहही सिद्ध झाला. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळाने २०१७ पासून या ओव्या प्रकाशित केल्या आहेत. बहिणीने भावाला उद्देशून म्हटलेली ओवी मायेच्या वर्गात ठेवावी की तक्रारीच्या, हे ती कोण, कोणत्या प्रसंगी व कोणाला ऐकू जावी म्हणून गाते यावर अवलंबून असते. एवढ्या मोठ्या सामग्रीतही संगणकाने संग्रहाचे काम केले आणि अर्थनिर्णय माणसांनी केला, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

निर्मितिक्षम प्रणालीमुळे या श्रमविभागणीत मूलभूत बदल झाला आहे. आता संकेत, त्याची व्याख्या व त्याचे स्पष्टीकरण या तिन्ही गोष्टी यंत्राकडून मिळू शकतात.

निर्मितिक्षम प्रणालीची कार्यपद्धती

या प्रणालींचा पाया ‘ट्रान्सफॉर्मर’ या २०१७ मध्ये मांडलेल्या रचनेत आहे. प्रचंड प्रमाणातील लिखित मजकुरावरून दिलेल्या शब्दखंडांनंतर कोणता शब्दखंड येण्याची संभाव्यता अधिक आहे, हे प्रणाली शिकते व त्यानुसार एकामागून एक शब्दखंड जुळवीत उत्तर तयार करते. या कार्यपद्धतीतून विश्लेषणाच्या दृष्टीने पुढील परिणाम संभवतात.

पहिला परिणाम असा की, संभाव्यतेचा कल नेहमी प्रचलिताकडे असतो. ग्रामीण स्त्रियांच्या मुलाखती दिल्या असता ‘आर्थिक अडचणी’, ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’, ‘आरोग्याच्या समस्या’ अशी शीर्षके सहज मिळतात. ती चुकीची नसतात. परंतु मुलाखती न वाचताही ती सुचू शकली असती. दुसरा परिणाम म्हणजे एकाच सूचनेला दोन वेळा दोन भिन्न उत्तरे मिळू शकतात. तिसरा परिणाम असा की, प्रणाली अस्तित्वात नसलेले अवतरण निवेदकाच्या तोंडी घालू शकते, किंवा मूळ वाक्य किंचित बदलून अवतरणचिन्हांत देऊ शकते. चौथा परिणाम दीर्घ मजकुराविषयीचा आहे. मजकुराच्या आरंभी व शेवटी असलेल्या माहितीच्या तुलनेत मधल्या भागातील माहितीकडे अशा प्रणालींचे दुर्लक्ष होऊ शकते, असे २०२३ मधील संशोधनात दिसून आले. मुलाखतीत निवेदक मोकळा होतो तो बहुधा मध्यावरच, हे अनुभवी संशोधक जाणतात. पाचवा परिणाम म्हणजे प्रणालीचा कल विचारणाऱ्याच्या मताशी जुळवून घेण्याकडे असतो. ‘या मुलाखतींत सक्षमीकरण दिसते का?’ असे विचारल्यास सक्षमीकरण सापडण्याची शक्यता वाढते.

मराठीच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. प्रशिक्षणात वापरलेल्या मजकुरात इंग्रजीचे प्रमाण फार मोठे व मराठीचे तुलनेने अल्प असते. जी मराठी असते तीही प्रामुख्याने लिखित व प्रमाण वळणाची. मराठवाडी, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी अशा बोलींतील बोलणे लिखित स्वरूपात कमी उपलब्ध असल्यामुळे तेथे चुकीचा अर्थ लागण्याची शक्यता अधिक राहते.

एक उदाहरण : ‘बरं हाय’ याचा अर्थ

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये सार्वजनिक चर्चेत आला आणि राज्य शासनाने त्यासाठी समिती नेमली. या विषयावरील मुलाखतीत येऊ शकेल असे एक निवेदन स्पष्टीकरणासाठी पुढे रचले आहे. ते कोणत्याही प्रत्यक्ष व्यक्तीचे नाही.

“पिशवी काढून टाकली. दोन लेकरं झाली व्हती, मंग काय करायचंय ठिवून? पाळी आली की खाडा, खाडा झाला की पैसं कापणार. उचल घेतलीय, दोघांचा कोयता हाय. आता बरं हाय.”

या निवेदनास ‘शस्त्रक्रियेचा वैयक्तिक निर्णय’, ‘कुटुंब पूर्ण झाल्याची भावना’ व ‘शस्त्रक्रियेनंतरचे समाधान’ असे संकेत सुचवले जाऊ शकतात. शब्दांकडे पाहिले तर त्यांना आधार आहे. पिशवी काढली असे ती स्वतः सांगते, लेकरांचा उल्लेख करते आणि आता बरे आहे असे म्हणते. निवेदनाचे आधी इंग्रजीत भाषांतर करून मग विश्लेषण केले, तर ‘खाडा’ या शब्दाचे ‘गैरहजेरी’ एवढेच होते आणि ‘कोयता’ हे ऊस तोडण्याचे हत्यार ठरते.

क्षेत्र ठाऊक असलेल्या संशोधकाला याच शब्दांत वेगळी रचना दिसते. ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती या जोडीला, हंगामाआधी. उचल फिटेपर्यंत जोडी बांधलेली असते आणि एकीने काम चुकवले तरी जोडीचा हिशेब बिघडतो. ‘खाडा’ म्हणजे कामावर न गेलेला दिवस. त्या दिवसाची मजुरी बुडतेच, शिवाय दंडही बसू शकतो. हे ध्यानात घेतले की ‘बरं हाय’ हे समाधानाचे विधान राहत नाही. दंड टळल्याचा हिशेब त्यातून व्यक्त होतो. ‘ठिवून काय करायचंय’ या प्रश्नात स्वतःच्या शरीराकडे मजुरीच्या नजरेने पाहावे लागल्याची खूण आहे. येथे ‘खाडा’ हा निवेदिकेचाच शब्द संकेत म्हणून ठेवणे योग्य ठरेल आणि पुढे त्यातून ‘शरीर आणि उचल’ असे आशयसूत्र घडू शकेल.

या दोन वाचनांतून निघणारे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. पहिल्यानुसार स्त्रिया स्वखुशीने शस्त्रक्रिया करून घेतात व समाधानी असतात. त्यावरून आरोग्यशिक्षणाची शिफारस पुढे येईल. दुसऱ्यानुसार उचल, दंड व कामाच्या ठिकाणी सोयींचा अभाव या गोष्टी निर्णय घडवतात. त्यावरून मजुरीची पद्धत बदलण्याची शिफारस पुढे येईल. एका संकेताच्या नावाने अभ्यासाची दिशा अशी बदलू शकते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘ऊसतोडीच्या संदर्भात कोयता व खाडा यांचे अर्थ काय?’ असे नेमके विचारले असता आजची प्रणाली योग्य उत्तर देऊही शकेल. परंतु तो प्रश्न विचारण्याची गरज ज्याने मुलाखत बारकाईने वाचली त्यालाच जाणवते. प्रणालीचा सारांश आधी वाचणाऱ्याला हे दोन शब्द दिसतही नाहीत, कारण सारांशात ते आलेलेच नसतात.

टक्केवारीचा फसवा आधार

यंत्राचे संकेतन व संशोधकाचे संकेतन किती जुळते याची टक्केवारी देऊन साधनाची विश्वसनीयता सिद्ध करण्याची पद्धत रूढ होऊ पाहत आहे. तीबाबत सावधगिरी हवी. समजा, १०० विधानांपैकी १० विधानांना संशोधकाने ‘दबाव’ हा संकेत दिला व यंत्राने एकाही विधानाला दिला नाही. उरलेल्या ९० विधानांबाबत दोघांचे एकमत आहे. म्हणजे जुळणी ९० टक्के झाली. प्रत्यक्षात अभ्यासासाठी महत्त्वाची असलेली दहाही विधाने यंत्राकडून सुटली. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कॅपा’ हा गुणांक योगायोगाने होणारी जुळणी वजा करतो. या उदाहरणात योगायोगाची अपेक्षित जुळणीही ९० टक्केच असल्याने कॅपाचे मूल्य शून्य येते. त्यामुळे केवळ टक्केवारी न देता प्रत्येक संकेतानुसार कॅपा द्यावा आणि न जुळलेली विधाने स्वतंत्रपणे वाचावीत. न जुळलेल्या विधानांतच बहुधा अभ्यासाचा नवा मुद्दा हाती लागतो.

उपयोगाची क्षेत्रे

वरील मर्यादा असल्या तरी साधन सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. पुढील कामांत त्याचे साहाय्य घेता येते.

१. शब्दांकनाचा कच्चा मसुदा : ध्वनिमुद्रणावरून पहिला मसुदा मिळवता येतो. तो मूळ ध्वनिमुद्रण ऐकत दुरुस्त करणे अनिवार्य आहे. प्रणाली ‘न्हाई’चे ‘नाही’ व ‘ठिवून’चे ‘ठेवून’ करून टाकू शकते. विराम, हसणे, आवाज खाली जाणे हे मसुद्यात बहुधा येत नाही. ते संशोधकाने नोंदवावे.

२. संकेतपुस्तिकेची तपासणी : संशोधकाने तयार केलेल्या संकेतांच्या व्याख्या परस्परांत मिसळतात का, एखादी व्याख्या संदिग्ध आहे का, हे विचारता येते.

३. सुसंगतीची पडताळणी : पहिल्या पाच मुलाखतींत ज्या निकषाने संकेत दिला तोच निकष विसाव्या मुलाखतीत पाळला का, हे पाहण्यासाठी संशयास्पद जागांची यादी मिळवता येते.

४. विरोधी पुराव्याचा शोध : सिद्ध झालेल्या आशयसूत्राला छेद देणारी विधाने दाखवण्यास सांगता येते. साधनाचा हा उपयोग विशेष मोलाचा आहे, कारण स्वतःच्या मांडणीविरुद्धचा पुरावा शोधण्यात माणूस स्वाभाविकपणे कमी पडतो.

५. भाषांतराचा प्राथमिक मसुदा : इंग्रजी शोधपत्रिकेसाठी अवतरणांचे भाषांतर करताना मसुदा घेता येतो. विश्लेषण मात्र मूळ मराठी पाठावरच व्हावे.

या पाचही कामांत एक गोष्ट समान आहे. संशोधकाने आधी काही केलेले असते व यंत्र त्यानंतर येते. क्रम उलटा झाला, म्हणजे यंत्राची आशयसूत्रे आधी पाहिली, तर पुढील वाचन त्या आशयसूत्रांसाठी अवतरणे शोधण्यापुरते उरण्याचा धोका असतो.

नैतिक व कायदेशीर बाजू

निवेदकाने संमती दिलेली असते ती एका विशिष्ट संशोधकाला व विशिष्ट हेतूसाठी. मुलाखतीचा मजकूर खासगी कंपनीच्या प्रणालीत भरल्यास तो तिच्या संगणकांवर जातो. काही सेवांच्या अटींनुसार असा मजकूर पुढील प्रशिक्षणासाठीही वापरला जाऊ शकतो. याची कल्पना निवेदकाला नसेल, तर घेतलेली संमती अपुरी ठरते. संमतीपत्रात, तसेच लिहिता-वाचता न येणाऱ्या निवेदकांना तोंडी समजावताना, ‘तुमचे बोलणे संगणकीय प्रणालीत घातले जाईल का व कोणत्या’ हे साध्या मराठीत सांगितले पाहिजे आणि नकार देण्याची मोकळीकही दिली पाहिजे.

केवळ नाव काढल्याने ओळख लपत नाही. गाव, जात, मुलांची संख्या, शस्त्रक्रियेचे वर्ष व कारखान्याचे नाव एकत्र आले की छोट्या गावात व्यक्ती ओळखता येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. कायद्यात संशोधनाच्या हेतूसाठी सवलत आहे. परंतु ती विहित मानके पाळण्याच्या अटीवर आणि माहितीचा वापर त्या व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी होणार नसेल तरच मिळते. आरोग्यविषयक संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे गोपनीयता व माहितीपूर्ण संमती यांवर भर देतात.

लेखकत्वाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. शोधपत्रिकांच्या प्रकाशन-नीतीसंबंधी काम करणाऱ्या ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये स्पष्ट केले की, असे साधन लेखक होऊ शकत नाही, कारण ते लेखनाची जबाबदारी घेऊ शकत नाही. साधनाचा वापर लेखात नमूद करणे आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्य प्रतिबंध विनियम मजकुराच्या साम्याचे स्तर ठरवतात. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास त्यात दंड नाही. यंत्राने नव्याने जुळवलेला मजकूर अन्य स्रोतांशी जुळेलच असे नाही. त्यामुळे साम्यतपासणीचा शून्य टक्क्यांचा अहवाल म्हणजे विश्लेषण संशोधकाने केल्याचे प्रमाणपत्र नव्हे, हे मार्गदर्शकांनी ध्यानात ठेवावे.

मतभेदाचे स्वरूप

या साधनाबाबत अभ्यासकांत एकवाक्यता नाही. २०२५ मध्ये ब्राउन व क्लार्क यांच्यासह अनेक अभ्यासकांनी आत्मचिंतनशील गुणात्मक संशोधनात निर्मितिक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर नाकारणारे निवेदन प्रसिद्ध केले. त्यास विविध देशांतील चारशेहून अधिक संशोधकांनी पाठिंबा दिला. अर्थनिर्मिती हे मानवी कार्य आहे, ही त्यांची मुख्य भूमिका होय. दुसरीकडे, हजारो खुल्या प्रतिसादांचे ठरलेल्या संकेतांनुसार वर्गीकरण करावयाचे असल्यास यंत्राचे साहाय्य रास्त आहे, असे मानणारे अभ्यासकही आहेत. हा मतभेद बव्हंशी संशोधनाच्या प्रकाराचा आहे. विद्यार्थी-अभिप्रायांच्या चार हजार ओळी ‘ग्रंथालय’, ‘वसतिगृह’, ‘परीक्षा’ अशा गटांत विभागणे आणि पंधरा स्त्रियांच्या जीवनकथांचा अर्थ लावणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्यात यंत्राची चूक नमुनातपासणीने मोजता येते. दुसऱ्यात चूक मोजण्यासाठी संपूर्ण सामग्री माणसानेच वाचावी लागते आणि मग वेळेची बचत उरत नाही.

सुचवलेला कार्यक्रम

१. संशोधन आराखड्यातच साधनाचा वापर होणार की नाही, कोणत्या टप्प्यावर व कशासाठी, हे लिहावे व नीतिसमितीपुढे ठेवावे.
२. सर्व मुलाखती संशोधकाने स्वतः किमान एकदा ऐकाव्यात व दोनदा वाचाव्यात. त्यानंतरच साधन उघडावे.
३. पहिल्या काही मुलाखतींचे संकेतन पूर्णतः हाताने करून संकेतपुस्तिका तयार करावी. बोलीतील शब्दांची स्वतंत्र सूची, निवेदकांकडून अर्थ विचारून, जोडावी.
४. संवेदनशील सामग्री बाहेरच्या सेवेत न भरता शक्य तेथे महाविद्यालयाच्या संगणकावरच चालणारी खुली प्रणाली वापरावी. ते शक्य नसल्यास हाताने काम करावे.
५. यंत्राला दिलेल्या सूचना, मिळालेली उत्तरे, प्रणालीचे नाव, आवृत्ती व दिनांक यांची नोंदवही ठेवावी.
६. यंत्राने दिलेले प्रत्येक अवतरण मूळ शब्दांकनात पृष्ठ व ओळ शोधून ताडून पाहावे. जे सापडणार नाही ते वगळावे.
७. यंत्राचा कोणता संकेत स्वीकारला, कोणता नाकारला व का, हे टिपणात लिहावे. यव्होना लिंकन व इगॉन गुबा यांनी १९८५ मध्ये सांगितलेल्या विश्वासार्हतेच्या निकषांत ज्या ‘तपासमार्गा’ला स्थान आहे तो अशाच नोंदींतून तयार होतो.
८. शक्य असेल तेथे निष्कर्ष निवेदकांना वाचून दाखवावेत व त्यांची प्रतिक्रिया नोंदवावी.
९. मौखिक परीक्षेत मार्गदर्शक व परीक्षकांनी एखादे आशयसूत्र निवडून ‘हे कोणत्या मुलाखतीतील कोणत्या वाक्यावरून सुचले?’ असे विचारावे. ज्याने सामग्री वाचली आहे त्याला हा प्रश्न अवघड जात नाही.

निष्कर्ष

१. निर्मितिक्षम कृत्रिम बुद्धिमत्ता तपासणी, तुलना व मसुदा या कामांत उपयुक्त आहे. प्रथम वाचन व अर्थनिर्णय या कामांत ती संशोधकाची जागा घेऊ शकत नाही.
२. तिचा कल प्रचलित अर्थाकडे असल्याने अपवादात्मक, स्थानिक व बोलीतील अर्थ निसटण्याचा धोका आहे. गुणात्मक संशोधनाचे प्रयोजन मात्र याच अर्थांशी निगडित आहे.
३. जुळणीची एकत्रित टक्केवारी विश्वसनीयतेचा पुरेसा पुरावा नाही. संकेतनिहाय पडताळणी आवश्यक आहे.
४. निवेदकाची संमती, ओळखीचे संरक्षण व साधनाच्या वापराची प्रकट नोंद या तीन अटी पूर्ण झाल्याशिवाय वापर समर्थनीय ठरत नाही.

समारोप

प्राध्यापकांवरील कामाचा ताण खरा आहे आणि त्यावर उपाय म्हणून नवे साधन स्वीकारण्यात गैर काही नाही. तथापि, वेळेची टंचाई ही संस्थात्मक समस्या आहे. तिचे उत्तर संशोधनासाठी रजा, कार्यभारात सवलत व शब्दांकनासाठी अर्थसाहाय्य यांत शोधले पाहिजे. न वाचलेल्या मुलाखतींच्या सारांशात ते सापडणार नाही. फडावरची स्त्री दिवसभराच्या कामानंतर, पालासमोर चूल पेटवता पेटवता तासभर बोलते. तिने दिलेल्या त्या तासाला संशोधकाने आपल्या वाचनाचे काही तास द्यावेत, एवढी अपेक्षा रास्त आहे. ते दिल्यानंतर यंत्राचे साहाय्य घेण्यास हरकत नसावी.